निकाल किती ते नंतर, आधी पट सांगा

२०१८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात सुरू झालेल्या ‘सक्सेस अकॅडमी’ या चार्टर शाळेची बारावीची पहिली बॅच बाहेर पडली. १६ मुलं. सोळाच्या सोळा जणांना कॉलेजात प्रवेश मिळाला, म्हणजे निकाल शंभर टक्के. हार्लेम हा न्यूयॉर्कमधला काळ्या वस्तीचा, वर्षानुवर्षं गरिबी सोसलेला भाग. तिथल्या पोरांनी हे करून दाखवलं म्हटल्यावर कौतुक व्हायलाच पाहिजे, आणि झालंही.

पण २००६ साली ही बॅच पहिलीत बसली, तेव्हा वर्गात ७३ मुलं होती.

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. अमेरिकेतल्या चार्टर शाळांचा इतिहास सांगायचाय. आपल्याकडंही सरकारी शाळा संस्थांना, कंपन्यांना चालवायला द्या, बघा कसा निकाल लागतो, असं आता उघड बोललं जातंय. तो प्रयोग अमेरिकेनं तीस वर्षं केलाय. तो कसा झाला ते आधी बघू.

चार्टर म्हणजे सनद. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० साली इंग्लंडच्या राणीनं दिलं ते चार्टरच होतं. चार्टर शाळेला सरकार अशीच सनद देतं. पैसा सरकारचा, दर मुलामागं ठरलेला. शाळा चालवणार खासगी मंडळ. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी. शिक्षक कसे नेमायचे, तास किती घ्यायचे, यात मोकळीक. बदल्यात ठराविक वर्षांनी हिशोब द्यायचा. मुलं शिकली नाहीत तर सनद रद्द, शाळा बंद. आपल्या अनुदानित शाळेच्या जवळ जाणारा प्रकार आहे, फरक इतकाच की आपल्याकडं सरकार शिक्षकाचा पगार देतं, तिथं पोरामागं पैसे देतं. पोरगं गेलं की पैसे गेले.

शब्द रे बड या प्राध्यापकाचा. पण कल्पना देशभर पोचवली ती अल्बर्ट शँकर यांनी. आणि हे शँकर कोण? तर शिक्षकांच्या मोठ्या युनियनचे अध्यक्ष! आज अमेरिकेत शिक्षक संघटना आणि चार्टरवाले एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण सुरुवात युनियनच्याच घरातून झाली.

१९८७ मध्ये शँकर जर्मनीत कलोन शहरातली एक शाळा बघून आले. जर्मनीत लहान वयातच मुलांच्या वाटा वेगळ्या करतात, हुशार इकडं, बाकीचे तिकडं. ही शाळा तसं करत नव्हती. तुर्की, मोरोक्कन कामगारांची पोरं आणि जर्मन पोरं एकाच वर्गात. शिक्षकांचा एक गट तीच मुलं घेऊन वर्षानुवर्षं पुढं जायचा. शँकर भारावून गेले. ३१ मार्च १९८८ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्यांनी भाषण केलं. शिक्षकांनाच छोट्या प्रयोगशाळा काढू द्या, आणि तिथं सगळ्या थरांतली मुलं एकत्र बसू द्या, असा त्याचा रोख होता. म्हणजे वर्गात कोण बसणार हा प्रश्न या कल्पनेत पहिल्या दिवसापासून होता.

१९९१ मध्ये मिनेसोटा राज्यानं देशातला पहिला कायदा केला. विधेयक डेमोक्रॅट बाईंचं, सही रिपब्लिकन गव्हर्नरची. सुरुवातीला फक्त आठ शाळांना परवानगी. १९९२ च्या सप्टेंबरात सेंट पॉल शहरात ‘सिटी अकॅडमी’ उघडली. तीस-पस्तीस मुलं, आणि तीही शाळा सोडून दिलेली. देशातली पहिली चार्टर शाळा दुसऱ्यांनी टाकलेली पोरं गोळा करून उभी राहिली, हे लक्षात ठेवा.

पुढं गाडी पळायला लागली. दुसऱ्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा कायदा आला. क्लिंटन यांच्या काळात केंद्राचा पैसा आला. १९९४ मध्ये ह्यूस्टनला दोन तरुण शिक्षकांनी ‘किप’ सुरू केलं, त्याची साखळी देशभर गेली. मोठे देणगीदार आले, शाळा चालवणाऱ्या कंपन्या आल्या. शिक्षकांची प्रयोगशाळा मागं पडली, सरकारी शाळेशी स्पर्धा पुढं आली. शँकर स्वतःच टीकाकार झाले आणि १९९७ मध्ये गेले. सगळ्या थरांतल्या मुलांचा एकत्र वर्ग हा मुद्दा तर बऱ्याच ठिकाणी कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

मिनेसोटातच बघा. तिथं आज सोमाली मुलांची वेगळी, लाओसहून आलेल्या ह्मॉंग समाजाच्या मुलांची वेगळी अशा चार्टर शाळा आहेत. २०१५ मध्ये काही पालक कोर्टात गेले की राज्यानं शाळांची विभागणी होऊ दिली. उलट बाजूचे पालक म्हणतात, आम्ही आपखुशीनं पाठवतो, तिथं आमच्या पोरांना कुणी हिणवत नाही. मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. सबंध देशाचा हिशोब केला तर चार्टर शाळांत काळी मुलं साधारण चौथा हिस्सा, इतर सरकारी शाळांत सातवा हिस्सा. कारण चार्टर मुख्यतः शहरांतल्या गरीब वस्त्यांत उघडल्या.

आता निकालाकडं येऊ.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ या केंद्रानं २००९ मध्ये पहिला मोठा अभ्यास केला. पद्धत साधी. चार्टरमधलं एक पोरगं घ्यायचं आणि शेजारच्या सरकारी शाळेत त्याचं जुळं शोधायचं. तीच इयत्ता, तसेच आधीचे मार्क, तशीच घरची परिस्थिती. मग दोघं वर्षभरात किती पुढं गेले ते मोजायचं. निघालं काय? गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस, ३७ टक्के उलट मागं, उरलेल्या ४६ टक्क्यांत फरक नाही. चार्टरवाल्यांची झोपच उडाली. २०१३ पर्यंत चित्र थोडं सुधारलं. २०२३ च्या अभ्यासात सरासरी चार्टर विद्यार्थी वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतका पुढं दिसला. पण ऑनलाइन चार्टर शाळांमधली पोरं त्याच अभ्यासात गणितात १२४ दिवस मागं! म्हणजे ‘चार्टर शाळा चांगली की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा. ‘हॉटेल चांगलं की वाईट’ असं विचारल्यासारखं आहे ते.

जुळं शोधायच्या पद्धतीत एक भोक राहतं. अर्ज भरायला धावणारा पालक आणि न धावणारा पालक, दोघांची पोरं कागदावर सारखी दिसली तरी घर सारखं नसतं. इथं लॉटरी कामाला आली. बोस्टनमध्ये अर्थतज्ज्ञांनी लॉटरीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांचीच तुलना केली. दोघांचेही पालक धावलेले, फरक फक्त चिठ्ठीचा. यातले एक, जोशुआ अँग्रिस्ट, यांना पुढं २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निष्कर्ष असा की बोस्टनच्या चार्टर शाळांनी गरीब मुलांना खरोखर खूप पुढं नेलं. त्याच राज्यात शहराबाहेरच्या, बऱ्या वस्तीतल्या चार्टर शाळांचा मात्र तसा काही फायदा दिसला नाही. जास्त तास, कडक शिस्त, मागं पडलेल्याला जादा शिकवणी, याचा उपयोग ज्याला गरज होती त्याला झाला.

मात्र त्या काळात बोस्टनच्या चार्टर शाळांत इंग्रजी न येणारी आणि विशेष गरजा असलेली मुलं कमी होती. ओरड झाली, आणि २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सनं कायदाच केला की अशी मुलं कशी आणणार आणि कशी टिकवणार याचा आराखडा शाळेनं द्यायचा. आणायचं तर आहेच, टिकवायचंही आहे. हा शब्द मला फार आवडला. तरीही २०१६ मध्ये चार्टर वाढवायच्या का, असं जनतेला विचारलं तेव्हा ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. पोरामागं पैसे जातात, आणि राहिलेल्या सरकारी शाळेचं छप्पर, शिपाई, वीजबिल काही त्या प्रमाणात कमी होत नाही.

न्यू ऑर्लिन्सची गोष्ट याहून मोठी. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं, बंधारे फुटले, शहर बुडालं. शाळा आधीच बुडालेल्या होत्या, भ्रष्टाचारात. राज्यानं बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या आणि सात हजारांवर कर्मचारी घरी बसवले गेले. त्यात हजारो शिक्षक, बहुतांश काळे, वर्षानुवर्षं त्याच वस्तीत शिकवलेले. हळूहळू जवळजवळ सबंध शहरच चार्टर झालं. तुलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं तर मार्क वाढले होते, शाळा पूर्ण करणारे वाढले, कॉलेजात जाणारे वाढले. हे नाकारून चालणार नाही. पण २०१० मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक कोर्टात गेले, कारण एक शाळा म्हणे आमच्याकडं सोय नाही, दुसरी म्हणे आमच्याकडंही नाही. सगळ्याच शाळा स्वतंत्र असल्या की नकोसं पोरगं कुणाचं? २०१५ मध्ये तडजोड होऊन देखरेख लागू झाली. २०१८ मध्ये शाळा पुन्हा निवडून आलेल्या मंडळाच्या अखत्यारीत आल्या, आणि २०२४ मध्ये त्या मंडळानं पुन्हा स्वतःची एक शाळा उघडली.

आता त्या ७३ आणि १६ कडं. बाकीच्या ५७ पोरांना हाकललं, असा सरळ अर्थ काढू नका. गरीब वस्तीत घरं बदलतात, बारा वर्षांत बरीच मुलं कुठल्याही शाळेतून जातात. न्यूयॉर्कमध्ये चार्टर सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण शेजारच्या शाळांपेक्षा जास्त नाही, असंही मोजणी सांगते. फरक पुढं आहे. सरकारी शाळेत एक पोरगं गेलं की दुसरं येतं. मध्येच, डिसेंबरात, कालच देशात आलेलं, इंग्रजीचा गंध नसलेलं. त्याला नाही म्हणता येत नाही. सक्सेस अकॅडमी चौथीनंतर रिकाम्या जागा भरत नव्हती. गेलेल्याच्या जागी कुणी नाही. वर्ग गाळत गाळत वर जातो आणि वरचा निकाल चकाकतो. या शाळांत गणितात ९० टक्क्यांहून जास्त मुलं पास व्हायची, शहराची सरासरी ४० च्या आसपास. त्यातला शिकवण्याचा वाटा मोठा आहेच, तिथले शिक्षक जीव तोडून शिकवतात. पण गाळणीचा वाटा शून्य नाही. २०१५ मध्ये तर त्यांच्या एका शाखेत मुख्याध्यापकानं ‘गेलीच पाहिजेत’ अशा १६ मुलांची यादीच केल्याचं न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं. संस्थेनं ती चूक असल्याचं मान्य केलं.

दुसरं टोक ॲरिझोनात. ‘बेसिस’ ही साखळी १९९८ मध्ये टूसॉनला सुरू झाली. देशातल्या सर्वोत्तम हायस्कूलच्या यादीत तिच्या शाळा पहिल्या पाचात आलेल्या आहेत. फी नाही, परीक्षा नाही, लॉटरी. पण शाळेची बस नाही आणि सरकारी मोफत जेवणाची योजनाही नाही. रोज गाडीनं सोडणारा आई-बाप असेल तरच पोरगं येणार. फिनिक्सजवळच्या चँडलरला चिप बनवणाऱ्या आणि आयटीच्या कंपन्या आहेत, तिथल्या बेसिसमध्ये एशियाई मुलंच बहुसंख्य. त्यात आपले मराठी इंजिनिअरही पोरं घालतात. नियमात कुणालाच बंदी नाही. गाळणी बसस्टॉपवरच लागलेली आहे.

आता आपलं. दहावीच्या शंभर टक्के निकालाच्या बातम्या मी वीसेक वर्षं छापतोय. आपल्या भागात नववीत मागं पडलेल्या पोराच्या बापाला बोलावून ‘१७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ असं सांगितल्याच्या तक्रारी दर वर्षी कानावर येतात. पोरगं खासगी परीक्षार्थी झालं की नापास झालं तरी शाळेच्या निकालात येत नाही. बऱ्याचदा परीक्षेलाच बसत नाही, वीटभट्टीवर किंवा गॅरेजवर दिसतं.

धोरणंही त्याच वाटेनं चाललीत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं शाळा दत्तक देण्याची योजना काढली. ९ फेब्रुवारी २०२४ ला अधिसूचना निघाली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला गरीब मुलांच्या २५ टक्के जागांतून सूट. म्हणजे वर्गात कोण बसणार ते ठरवायची मुभा. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली, म्हणून वाचलो. पण अशी मागणी पुन्हा येणार नाही असं समजू नका.

पुढच्या निकालाआधी मी आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेचा मागच्या पाच वर्षांचा पट माहिती अधिकारात मागतोय. पाचवीत किती, नववीत किती, दहावीला शाळेकडून बसले किती, दाखला घेऊन गेले किती, १७ नंबरनं किती. यू-डायसवर इयत्तावार पट मिळतो, पण गेलेलं पोरगं कुठं गेलं ते तिथं कळत नाही, ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतं. ज्या पालकांना असं सांगितलं गेलंय त्यांनी मेसेज करा, नाव कुठंही येणार नाही. आणि मुख्याध्यापकांपैकी कुणाला आपणहून आकडे द्यायचे असतील तर फार बरं, निकालाच्या बातमीत शेजारीच छापतो.