हरळीचा इतिहास

क्रांती चौकात उभं राहून गवताच्या गोष्टी करणाऱ्या माणसाकडं लोक जरा संशयानंच बघतात, आणि त्यात लोकांची काही चूक नाही. जालना रोडवरून येणाऱ्या बसगाड्या, पैठण गेटाकडून घुसणाऱ्या रिक्षा आणि सिग्नल ही केवळ एक सूचना आहे असं मानणाऱ्या मोटारसायकली, यांच्यामधून जीव वाचवून पलीकडं पोचलेला माणूस देवाचे आभार मानील की हरळीला फुटवे किती आले याची चौकशी करील? पण आमचे सुभेदार करतात. त्यांच्या संगतीनं मीही करू लागलो आहे. उभा जन्म पोरांना इतिहास शिकवण्यात गेला. पण गवतालाही इतिहास असतो आणि तो तहाच्या कलमांपेक्षा बराच रंगतदार असतो, हे मला पेन्शनीत निघाल्यावर कळलं.

सुभेदार म्हणजे खरोखरचे सुभेदार. पलटणीतून निवृत्त झाले आणि आमच्या कॉलनीत, चौकापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी बिऱ्हाड केलं. नोकरीची शेवटची काही वर्षं कुठल्याशा छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल त्यांच्याकडं होती. "बंदूक सांभाळायला सोपी, मास्तर," ते सांगतात. "तिला तेल लावलं की झालं. गवताला काय लावायचं ते रोज सकाळी गवतालाच विचारावं लागतं." कॉलनीत दोन गुंठ्यांचा एक मोकळा भूखंड आहे, तो त्यांनी ताब्यात घेतला. ताबा लष्करी अर्थानं. त्याच्या एका कोपऱ्यात दुधाच्या पावडरीचा डबा तोंडापर्यंत जमिनीत गाडलेला आहे. तोंडाचा व्यास सव्वाचार इंच. गोल्फच्या भोकाचं हे माप सेंट अँड्र्यूजच्या मुखंडांनी १८९१ साली ठरवून टाकलं आणि पुढं जगात कुठंही ते बदललं नाही. आमच्या कॉलनीतही नाही.

गोल्फ हा खेळ मुळात स्कॉटलंडच्या समुद्रकाठचा. तिथं पावसाला काळवेळ नसतो. पण जमीन वाळूची, त्यामुळं पाणी पडलं की खाली. वर आखूड गवत आणि ते चरायला मेंढ्या. म्हणजे मैदान निसर्गानं केलं, कापणी मेंढ्यांनी केली आणि माणसानं फक्त काठी घेऊन जायचं ठेवलं. हे इतकं सोयीचं झालं की १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटनं फुटबॉल आणि गोल्फ, दोन्हींवर बंदी घातली. पोरं तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागं लागली होती आणि इंग्रज तर उशाशी बसलेला. पोरांनी ते ऐकलं नाही, हे सांगायला इतिहासाच्या मास्तराची गरज नाही.

मेंढ्यांची नोकरी मात्र पुढं गेली. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रजानं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना त्याला सुचली कापडाच्या गिरणीत. लोकरी कापडावरची लव भादरून सारखी करायचं एक यंत्र असतं. ते बघून त्याला वाटलं, अंगणाचीही अशीच हजामत का करू नये? म्हणजे बघा, आधी मेंढीची लोकर गिरणीत गेली, मग तिच्यापायी निघालेलं यंत्र मेंढीच्याच पोटावर उठलं. आमच्याकडं मेंढ्यांनी अजून हार मानलेली नाही. धनगरांचे कळप येतात त्या दिवसांत सुभेदार भूखंडाच्या फाटकाला दोरीचे दोन वेढे जास्त देतात.

साहेब आपल्याकडं आला तो गोल्फच्या काठ्या घेऊनच आला. कलकत्त्याला १८२९ साली क्लब निघाला, मुंबईत १८४२ साली. चेंबूरचं मैदान बरंच नंतरचं, १९२७ सालचं. पण दख्खनच्या पठारावर साहेबाची पंचाईत झाली. इथली माती काळी. उन्हाळ्यात तिला पाय जाईल अशा भेगा पडतात आणि पाऊस झाला की तीच फुगून भेगा मिटवते, चिकटते आणि पायातलं पायताण ठेवून घेते. वर आठ महिने पाण्याची बोंब. तेव्हा साहेबानं हिरवळीचा नाद सोडला आणि भोकाभोवती वाळू आणि तेल मिसळून सारवलेली गोल अंगणं केली. हिरवी म्हणून 'ग्रीन', तशी ही तपकिरी म्हणून 'ब्राऊन'. सुभेदार आपल्या उमेदीत असल्याच ब्राऊनवर वाळू ओढायचा दांडा घेऊन उभे असत. चेंडू घरंगळून गेला की त्याची रेघ पुसायची. "शेणानं सारवल्यागत काम," ते म्हणतात. "आईनं जे शिकवलं तेच साहेबलोकांपुढं केलं, फक्त पगार मिळाला."

आता मुद्द्याची गोष्ट. पुढं हिरवळी आल्या त्या कशाच्या? गोल्फच्या जगात बर्मुडा ग्रास म्हणून ज्या गवताचा एवढा तोरा आहे, ते म्हणजे आपली हरळी. तीच, जिच्या एकवीस जुड्या गणपतीला वाहतो आणि जिला आमच्या आज्यापणज्यांनी शेतातून खणून काढता काढता कमरेचे काटे ढिले करून घेतले. तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते म्हणून शेतकऱ्यानं तिला शिव्या दिल्या. आणि नेमक्या त्याच गुणासाठी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन गावी, ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं तिला मानानं पाट मांडून बसवलं. आफ्रिकेतली एक बारीक पानांची चुलत बहीण गाठून त्यानं दोघींचा संकर केला आणि १९५६ साली 'टिफग्रीन' हे वाण बाहेर काढलं. गालिच्यासारखं गवत, पण त्याला बी धरत नाही. मुळ्या आणि कांड्या लावूनच वाढवायचं. आपल्याकडच्या बड्या मैदानांवरही असली गवतं लागली. बांधावरची हरळी परदेशी जाऊन आडनाव बदलून आली आणि आपण तिला विकत घेतली! असल्या प्रकारांत इतिहासाला भारी गंमत वाटते.

सुभेदारांची हरळी मात्र अस्सल देशी, पैठण रस्त्याच्या कडेची. तिची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नाही, चैत्रात होते. फाल्गुन-चैत्रात अवकाळी पाऊस आला की कॉलनीतल्या बायका पापड-कुरडया उचलायला गच्चीवर धावतात, पुरुष स्कूटरवर ताडपत्री टाकतात आणि सुभेदार पायजमा गुडघ्यापर्यंत घेऊन भूखंडावर उतरतात. उतरतात म्हणजे कडेला उभे राहतात, कारण पहिला नियम असा की ओल्या गवतावर पाऊल टाकायचं नाही. दुसरा नियम, ओलं गवत कापायचं नाही. यंत्राचं चाक रुततं आणि पातं गवत कापण्याऐवजी फाडतं. तिसरा नियम पहाटेचा. रात्रभर पात्यावर पाणी राहिलं तर बुरशी धरते, म्हणून उजाडायच्या आत लांब लवचिक बांबूनं गवतावरून फटकारे मारत ते पाणी झाडून टाकायचं. गोल्फच्या मैदानावर ही रीत जुनी आहे. पण कॉलनीत नव्यानं आलेल्या एका बाईंनी पहाटे साडेपाचला काठी आपटणारा माणूस पाहिला आणि साप निघाल्याची बोंब ठोकली. अर्ध्या तासात तिथं नऊ माणसं, चार काठ्या आणि एक सर्पमित्र जमले. सर्वांनी मिळून गवत तुडवलं. त्या दिवशी सुभेदार जेवले नाहीत.

पाणी ओसरलं की ते लोखंडी सळीनं जमिनीला भोकं पाडतात आणि त्यांत वाळू भरतात. खालच्या मुळांना श्वास मिळावा म्हणून. वाळूची ही युक्ती टॉम मॉरिस नावाच्या म्हाताऱ्या स्कॉटिश माळ्याच्या नावावर जमा आहे. त्याची वाळूची ढकलगाडी गवतावर उलटली आणि तिथलंच गवत जोरात आलं, अशी आख्यायिका सांगतात. आमच्या काळ्या मातीत नुसत्या वाळूनं भागत नाही. सुभेदारांनी आधी हातभर माती काढली, खाली मुरूम दाबला, मग वाळू, मग माती. या कामावर त्यांची पेन्शन किती गेली हे त्यांच्या घरात विचारायचं नसतं.

काळ्या मातीनं पावसात माणसाला कसं अडवावं, याचा सर्वांत मोठा दाखला तर या चौकाच्याच पदरात आहे. १८५७ च्या जूनमध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळाचे स्वार इथं बिथरले. आपल्याला दख्खनबाहेर काढून दिल्लीच्या बादशहाशी लढायला नेणार, अशी खबर त्यांच्या कानावर आली आणि ते म्हणाले, जाणार नाही. जनरल वुडबर्न फौज घेऊन पुण्याहून अहमदनगरमार्गे आला. मग जागच्या जागी लष्करी न्याय झाला. कुणी फासावर गेलं, कुणी गोळीनं, कुणी तोफेच्या तोंडी. काळा चबुतरा म्हणतात ती जागा हीच; तिचाच पुढं क्रांती चौक झाला. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन या फौजेला माळव्याकडं पिटाळायला उतावीळ होता, आणि वुडबर्न इथं चौकश्यांत गुंतून पडला. अखेर जुलैत स्टुअर्टच्या हाताखाली ती फौज निघाली, ती भर पावसात, काळ्या मातीतून तोफा ओढत. महूला पोचायला २ ऑगस्ट उजाडला.

हे मी सुभेदारांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ते तोफेच्या चाकांबद्दल आणि मुरमाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "नाही म्हणाले? सरळ ऑर्डरला?"

"हो."

बराच वेळ ते सळी हातात धरून उभे राहिले. "वर्दी अंगावर असताना नाही म्हणायला काय लागतं ते तुम्हाला नाही समजायचं, मास्तर," एवढंच म्हणाले. आता चौकातून जाताना ते चप्पल काढून क्षणभर थांबतात. जुना पुतळा उड्डाणपुलाशेजारी ठेंगणा दिसू लागला म्हणून २०२२ साली शिवाजी महाराजांचा नवा, उंच अश्वारूढ पुतळा बसवला. लोकांना वाटतं सुभेदार महाराजांना नमस्कार करतात. करतातच. पण त्यातला अर्धा त्या स्वारांचा असतो, हे फक्त मला ठाऊक आहे.

अवकाळी पाऊस हा गवताला वरदानच. चैत्रात फुकटचं पाणी आणखी कुणाला हवं? पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीनं सबंध महाराष्ट्र झोडपला, मराठवाडा तर विशेष. सुभेदारांच्या धाकट्या भावाचा गहू काढणीला आलेला होता, मोसंबीची बाग होती. दुसऱ्या दिवशी ते गावी गेले आणि आठवड्यानं परत आले. इकडं भूखंडावर गवत असं तरारलेलं, की त्यांच्या आयुष्यात त्यांनी एवढी सारखी हिरवळ पाहिली नसेल. मी कौतुकानं दाखवायला नेलं. त्यांनी नजर वर उचलली नाही. त्या महिन्यात त्यांनी गवत कापलं नाही, वाळू टाकली नाही, काही नाही. गवत गुडघ्याला लागलं. मग एके दिवशी शेजारच्या गवळ्याला बोलावून सगळं फुकट कापून नेऊ दिलं. भावाच्या गोठ्यात वैरण नव्हती. पण गाव लांब आणि गवत चार भाऱ्यांचं.

उलटी तऱ्हा २०१६ ची. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते हे साल. खेळपट्ट्यांवर पाणी घालायचं की माणसांना पाजायचं, असा वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. आमच्या शहरात पाण्याचं कौतुक जुनं आहे. मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी नहरीनं गावात खेळवलं; आम्ही १९७६ साली पुरा झालेला जायकवाडीचा अख्खा नाथसागर पैठणला भरून ठेवला आणि नळ कुठल्या वारी येतो ते कॅलेंडरवर खुणा करून पाहू लागलो. त्या वर्षी सुभेदारांनी होळीलाच जाहीर केलं, भूखंडावर थेंब पडणार नाही. सांडपाण्याचाही नाही, ते झाडांना. हरळी पिवळी पडली, मग तपकिरी, मग थेट वर्दीच्या रंगाची झाली. मेली म्हणून मी हळहळलो. "मेली नाही, लाइन-आऊट झाल्यावर झोपली आहे," ते म्हणाले. जून संपता संपता दोन पाऊस झाले आणि जमिनीखालच्या कांड्यांतून ती अशी उठली, की जणू मधल्या चार महिन्यांत काही झालंच नव्हतं.

एवढं होऊनही २०२५ च्या उन्हाळ्यात कॉलनीच्या सभेत ठराव आला, की भूखंडावर गट्टू बसवावेत आणि गाड्या लावायची सोय करावी. चेअरमनसाहेबांनी खर्चाचा अंदाजही आणला होता. सभेची तारीख मे महिन्यातली. आणि त्या मे महिन्यात पावसानं जे धरलं ते सोडेना. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन बसला. शेजारच्या गल्लीत गट्टू आदल्याच वर्षी बसवले होते. तिथलं पाणी मुरायला जागा न मिळून तीन घरांच्या उंबऱ्यापर्यंत आलं. आमच्या भूखंडावर घोट्याएवढं साचलं आणि सकाळपर्यंत मुरलं. सुभेदारांनी सभेत यातलं काहीही सांगितलं नाही. ते कोपऱ्यात ताठ बसून होते, कोर्टमार्शलला बसतात तसे.

ठराव मताला टाकायच्या वेळी चेअरमनसाहेबांच्या सौभाग्यवती मागून उठल्या. "मी दर चतुर्थीला दूर्वा तिथूनच आणते," त्या म्हणाल्या. "गट्टू बसवल्यावर गणपतीला काय वाहायचं? सिमेंट?"

यावर चेअरमनसाहेबांना चष्मा पुसायची गरज भासली. ठराव पुढच्या सभेवर गेला. पुढची सभा कधी, हे इतिवृत्तात लिहायचं राहून गेलं. लोक उठले, चहा आला. सुभेदार पहिल्यांदाच जागेवरून हलले, सौभाग्यवतींपाशी गेले आणि खाली मान घालून, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"वहिनी, दूर्वा पाहिजे तेवढ्या न्या. फक्त डब्याच्या भोवतालच्या खुडू नका. तिथं चेंडूची वाट बिघडते."