तळटीप : कॅडमस
५. कॅडमस : ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ (२००४–०६) या अमेरिकी कार्टून मालिकेतली गुप्त सरकारी संघटना, प्रमुख अमांडा वॉलर. समांतर विश्वातल्या सुपरमॅनने राष्ट्राध्यक्षालाच ठार केले आणि पुढे तिथल्या नायकांनी सत्ता बळकावली. आपलेही नायक उद्या तसेच उलटतील, या धास्तीने कॅडमस त्यांच्याविरुद्ध छुपेपणाने शस्त्रे घडवते. वॉलरबाईंची भीती अगदीच निराधार नव्हे, हे लेखक विसरतो. त्याचे आजोबा कॅडमसवाल्यांना ‘रझाकार’ म्हणतात, ते लातूर-नांदेडकडच्या घरात साहजिकच; रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करत असे. साम्य मात्र ओढूनताणून आणलेले. रझाकारांना लपायची गरजच नव्हती. हैदराबाद संस्थानावरच्या सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईपर्यंत निझामी राजवटीच्या आश्रयाने ते उघड कवायती करत, गावे लुटत. – संपा.