पाच अंमलांतून कुलदेवतेकडे

माघ महिना जवळ येऊ लागला की बेळगाव, शहापूर, संकेश्वर, निपाणी या टापूतील ज्या घरांची कुलदैवते गोव्यात आहेत, त्या घरांत जत्रेची बोलणी सुरू होतात. मंगेशीची आणि कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेची जत्रा माघातच भरते. आज सकाळी बेळगावाहून निघालेले कुटुंब अभिषेक, ओटी आणि प्रसाद आटोपून रात्री घरी परतू शकते. परंतु दीडशे वर्षांपूर्वी हीच यात्रा म्हणजे अनेक राज्यांतून जाणारा दीर्घ प्रवास होता. हल्ली सधन मंडळी सुटीत चार-पाच देशांची सफर आखतात; कोणत्या सीमेवर कोणता परवाना लागेल, चलन कोणते चालेल, ऋतू कोणता बरा, याचा महिनोन् महिने विचार करतात. आपल्या पूर्वजांना असाच विचार आपल्या देवाच्या पायांशी पोहोचण्यासाठी करावा लागे. ती आखणी कशी होती आणि तिने समाजाचे काय राखले, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या वाटेवर भक्तांच्या आधी देवांनीच सीमा ओलांडली आहे. श्रीमंगेशाचे मूळ स्थान साष्टीतील कुशस्थळी, श्रीशांतादुर्गेचे केळशी, श्रीम्हाळसेचे वेर्णे. बारदेश आणि साष्टी हे प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत तेथील देवालयांवर गंडांतर आले. तेव्हा १५६० च्या सुमारास व त्यानंतरच्या काही वर्षांत भक्तांनी आपली दैवते जुवारी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली. अंत्रुज तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. अशा रीतीने श्रीमंगेश प्रियोळास, शांतादुर्गा कवळ्यास आणि म्हाळसा म्हार्दोळास स्थिरावली. याच संकटात कित्येक कुटुंबे देशावर, घाटमाथ्यावर आणि दक्षिणेस कारवार-मंगळूरकडे पांगली. देव एका अंमलाखाली आणि भक्त दुसऱ्या अंमलाखाली, ही स्थिती तेव्हापासूनची आहे. पुढे पेशवाईत ही दैवते मराठी मुत्सद्द्यांनी विसरली नाहीत. १७३९ मध्ये रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून मंगेशी गाव देवस्थानास इनाम मिळाला. कवळ्याचे आजचे देवालय शाहू महाराजांच्या कारकिर्दीत नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने उभे राहिले. १७६३ च्या सुमारास अंत्रुज महालही पोर्तुगीजांकडे गेला; मात्र या नव्या मुलखात देवालयांना धक्का न लावण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले, म्हणून यात्रा चालू राहिली.

आता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील निपाणीचा एखादा यात्रेकरू डोळ्यांसमोर आणावा. निपाणी पूर्वी निपाणकर देसायांची. पुढे ती इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात आली. तेथून तवंदीचा घाट उतरून संकेश्वरापर्यंत इंग्रजी अंमल. संकेश्वरी श्रीशंकरलिंगाचे दर्शन घ्यावे आणि हिरण्यकेशीच्या काठाकाठाने पश्चिमेस वळावे. गडहिंग्लज लागले की कोल्हापूरच्या छत्रपतींचे राज्य. पुढे आजरा, तो कोल्हापूरच्या मांडलिक इचलकरंजीकरांच्या जहागिरीत. तेथून चढत चढत आंबोली, जेथे हिरण्यकेशीचा उगम आहे. हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. घाट उतरून सावंतवाडी, मग बांदे, आणि बांद्यापलीकडे पत्रादेवीस पोर्तुगीज हद्द. म्हणजे एकाच वाटेवर पाच अंमल झाले. बेळगावकराची तर याहून मौज. त्याच्या शहराला खेटून असलेले शहापूर हेच मुळी सांगलीकर पटवर्धनांचे! बेळगावच्या पेठेतून शहापुरात लुगडी घ्यायला जाणारा मनुष्य, नकळत का होईना, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे.

एवढ्या अंमलांतून जायचे तर आखणीचा पहिला विषय ऋतू. ज्येष्ठ ते आश्विन घाटांवर असा पाऊस कोसळतो की गाडीवाट चिखलात जाते आणि ओढे-नाले फुगून उतार बंद होतात. जत्रा माघात भरते ही यात्रेकरूच्या दृष्टीने देवाची कृपाच म्हटली पाहिजे; कारण तेव्हा खरिपाचे धान्य घरात आलेले असते, वाट कोरडी असते आणि उन्हाचा ताप अजून वाढलेला नसतो. दुसरा विषय घाटाच्या निवडीचा. निपाणीकरास आंबोली सोयीची. बेळगावकरापुढे मात्र चार वाटा होत्या. इंग्रजी छावणीचा माल वेंगुर्ले बंदरातून जुन्या रामघाटाने वर येई. पुढे आंबोलीचा गाडीरस्ता झाल्यावर रामघाट मागे पडला. तिसरी वाट जांबोटी, मलप्रभेचा उगम असलेले कणकुंबी आणि चोर्ले या मार्गाने साखळीस उतरणारी. आणि चौथी खानापूरकडून अनमोडवरून मोले व फोंड्याकडे जाणारी. मीठ-नारळ वर आणणारे आणि धान्य खाली नेणारे वंजाऱ्यांचे तांडे याच घाटांतून चालत, आणि यात्रेकरू शक्यतो तशा सोबतीनेच घाट उतरत.

तिसरा विषय दिवसांचा. बैलगाडी दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटर चालते असे धरले, तर निपाणी ते मंगेशी हा दोनशे किलोमीटरांचा पल्ला गाठण्यास आठ-दहा दिवस हवेत. तितकेच दिवस परतीला. आणि देवाच्या दारी राहण्याचे दिवस वेगळे. म्हणजे महिन्याभराचा शिधा, बैलांचा चारा आणि घरी मागे राहणाऱ्यांची व्यवस्था यांचा हिशेब आधी मांडावा लागे. शिवाय गोव्यात शिरल्यावर कोलवाळला शापोरा आणि पणजीसमोर मांडवी या नद्या तरीने ओलांडायच्या. एकदा देवळात पोहोचले की अग्रशाळेत बिऱ्हाड मिळे आणि काळजी संपे.

राहिला जकातीचा आणि नाण्याचा प्रश्न. डिसेंबर १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याने गोवा आणि इंग्रजी मुलूख यांच्या सीमेवरील जकात उठली. बदल्यात गोव्यातील मिठाच्या व्यवहाराचा ताबा इंग्रजांकडे आला आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. १८८१ पासून गोव्याचा रुपयाही इंग्रजी रुपयाच्या तोडीचा पडू लागला. यात्रेकरूच्या कमरेची चंची त्यामुळे हलकी झाली. पण ज्या आगरांतून मीठ वर जात असे, त्या आगरांच्या कुळांवर हा तह जड गेला. १८९२ च्या आरंभी तो संपला आणि सीमेवर पुन्हा जकातीच्या चौक्या आल्या.

याच तहातून रेल्वे निघाली. १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून दूधसागरच्या घाटातून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि लोंढ्यावरून बेळगावशी जोडला गेला. कॅसलरॉक इंग्रजी हद्दीत, कुळे पोर्तुगीज हद्दीत. दोन्हीकडे गाठोडी उघडून दाखवावी लागत. तरीही आठ-दहा दिवसांचे अंतर आता एका दिवसावर आले. निपाणीस रेल्वे कधीच आली नाही. तेथील मंडळी गाडीने बेळगाव गाठून आगगाडी धरीत.

या नव्या मार्गावरील एक प्रवासी साऱ्या जगाला परिचित आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात होते. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे जुने लॅटिन ग्रंथ पाहण्याची त्यांची इच्छा होती. बेळगावच्या डॉ. शिरगावकरांनी मडगावचे आपले स्नेही सुब्राय नायक यांस कळविले, आणि स्वामी आगगाडीने मडगावास जाऊन राशोलच्या सेमिनारीत ते ग्रंथ पाहू शकले. या उदाहरणात प्रवासाच्या जुन्या आखणीचे मर्म आहे. सरकारी कागद असो वा नसो, खरा परवाना म्हणजे सीमेपलीकडच्या आप्ताला लिहिलेले पत्र. बेळगावचे घर आणि मडगावचे घर यांच्यामधील हा विश्वास पिढ्यान् पिढ्यांच्या जत्रांनीच घडविला होता.

या विश्वासाची कसोटी पुढे लागली. १९४८-४९ मध्ये सांगली, सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थाने विलीन झाली. पाच अंमलांचे दोन उरले. परंतु उरलेली एक सीमा सर्वांहून कठीण झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पत्रादेवीची ती वाट रक्ताने भिजली. त्यानंतर कॅसलरॉकवरून जाणारी आगगाडी थांबली आणि सहज येणेजाणे खुंटले. अंगणातून घाटाच्या कडा दिसाव्यात आणि कडेखालच्या देवास नारळ ठेवता येऊ नये, अशी ती वर्षे होती. मुलांच्या मुंजी झाल्या, लग्ने झाली. देवदर्शन मात्र राहिले, आणि कित्येक वृद्ध ते राहिलेले दर्शन मनात घेऊनच गेले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना बेळगावच्या तळावरून निघाली. तिच्या तुकड्या दोडामार्गाकडून आणि अनमोड-मोलेच्या बाजूने, म्हणजे यात्रेकरूंच्याच जुन्या वाटांनी, गोव्यात उतरल्या. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि कुलदेवतेची वाट पुन्हा मोकळी झाली.

तथापि सीमा नाहीशा झाल्या असे नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. गडहिंग्लज, आजरा, आंबोली आणि सावंतवाडी आज महाराष्ट्रात आहेत; पत्रादेवीपलीकडे गोवा राज्य. म्हणजे निपाणीचा यात्रेकरू आजही तीन राज्यांतून जातो. सीमाभागाचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तो तापला तेव्हा कर्नाटक-महाराष्ट्र दरम्यानच्या बसफेऱ्या काही काळ थांबल्याही होत्या. पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळतात, त्या मात्र कोणत्याही राज्याला न विचारता!

असो. साडेचार शतकांत या वाटेवर आदिलशाही, मराठे, इंग्रज, संस्थानिक आणि पोर्तुगीज यांच्या चौक्या बसल्या आणि उठल्या. टिकले ते माघाचे पंचांग, हिरण्यकेशीच्या काठची वाट आणि अग्रशाळेत मिळणारा निवारा. पांगलेला समाज एक राहिला तो एका राज्याखाली होता म्हणून नव्हे. वर्षातून एकदा सर्व राज्ये ओलांडून एकाच देवळाच्या मंडपात भेटत होता म्हणून. आता वाट सोपी झाली आहे, पण तिच्यासोबत येणाऱ्या भेटी आपोआप होत नाहीत. मोटारीतून दर्शन घेऊन त्याच संध्याकाळी परतणाऱ्या आजच्या पिढीने, निघण्यापूर्वी घाटाखालच्या एखाद्या आप्ताला दोन ओळी लिहाव्यात आणि एक रात्र अग्रशाळेत काढावी. पूर्वजांच्या आखणीतला तेवढा भाग आजही जपण्याजोगा आहे.