गडलादेणिया विहार

गडलादेणिया : श्रीलंकेच्या मध्य प्रांतातील चौदाव्या शतकातले बौद्ध विहारस्थान. कँडी-कोलंबो मार्गावरील पिलिमतलाव या गावापासून आत वळणाऱ्या रस्त्यावर, दिग्गल नावाच्या सपाट खडकावर ते उभे आहे. कँडीपासूनचे अंतर सु. १५ किमी. गंपोळचा राजा चौथा भुवनेकबाहू याच्या कारकीर्दीत १३४४ मध्ये शीलवंश धर्मकीर्ती या स्थविरांनी ते उभारले आणि दक्षिण भारतीय स्थपती गणेश्वराचारी याने त्याची रचना केली, अशी माहिती आवारातील खडकावर कोरलेल्या सिंहली शिलालेखातून मिळते. सद्धर्मतिलक विहार असेही त्याचे नाव आहे. दगडी जोते, खांबांचा मंडप आणि अष्टकोनी शिखर ही द्राविड मंदिराची अंगे येथे बुद्धमूर्ती, स्तूप आणि बोधिवृक्ष यांच्या सान्निध्यात दिसतात. त्यामुळे मिश्र शैलीचे उदाहरण म्हणून या वास्तूचा उल्लेख नेहमी होतो. मात्र हे मिश्रण सरसकट नाही. कोणत्या परंपरेने कोणते काम करायचे याची वाटणी येथे ठरलेली आहे आणि ती वास्तूवरून वाचता येते.

मुख्य मूर्तिगृहाचा आराखडा पाहिला की ही वाटणी लक्षात येते. मंडप, अंतराल आणि गर्भगृह एकामागोमाग एका रेषेत येतात. दक्षिणेकडील कोणत्याही शिवमंदिराला शोभेल असाच हा क्रम आहे. भिंती घडीव दगडाच्या, तर वरचे शिखर विटांचे, गिलावा केलेले. जोत्याजवळ थांबून पाहिले तर आडव्या थरांमध्ये नर्तक आणि ढोलवादकांच्या लहान आकृती ओळीने कोरलेल्या दिसतात. मंडपाच्या खांबांवर चौकोनी ठोकळे आणि त्यांच्या मधले पैलूदार भाग आलटून पालटून येतात. येथवर सारी भाषा तमिळ प्रदेशातल्या शिल्पकारांची आहे. गर्भगृहात गेल्यावर मात्र सूत्रे बौद्ध परंपरेच्या हाती जातात. मध्यभागी मकरतोरणाखाली सोनेरी मुलामा दिलेली आसनस्थ बुद्धमूर्ती आहे आणि तिच्या जोडीला उभ्या बुद्धमूर्ती आहेत. तोरणावरच्या देवतांत ब्रह्मा, सुयाम, संतुषित, नाथ आणि मैत्रेय यांचा समावेश होतो. सुयाम आणि संतुषित हे बौद्ध विश्वरचनेतील स्वर्गांचे अधिपती आहेत, तर मैत्रेय भावी बुद्ध आहे. म्हणजे तोरणावरचा देवगण शेजारच्या धर्मातून सरसकट उचललेला नाही, तो बौद्ध ग्रंथांच्या हिशेबानेच निवडला आहे. विष्णूचे देवालयही येथे आहे, पण ते मुख्य वास्तूला लागून वेगळे ठेवलेले आहे. सिंहली परंपरेत उपुलवन या देवाशी एकरूप झालेला विष्णू बुद्धशासनाचा रक्षक मानला जातो. रक्षकाला जागा आहे, पण ती गर्भगृहात नाही.

आवारातील दुसरी महत्त्वाची वास्तू म्हणजे विजयोत्पाय. इंद्राच्या वैजयंत प्रासादावरून हे नाव आल्याचे मानतात. मधोमध मोठा स्तूप, त्याच्या चार दिशांना प्रत्येकी एक लहान देवघर, प्रत्येक देवघरात बुद्धमूर्ती आणि वर छोटा स्तूप अशी तिची मांडणी असून मधल्या स्तूपावर कौलारू छप्पर आहे. मध्ये एक आणि भोवती चार ही रचना पाहून हिंदू पंचायतनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु बोधगयेच्या महाबोधी मंदिरातही मधले उंच शिखर आणि कोपऱ्यांवरची चार लहान शिखरे आहेतच. तेव्हा निव्वळ आकारावरून या वास्तूचे मूळ एका धर्माच्या खात्यावर लिहिता येत नाही. आकार दोन्हीकडे चालत होता. येथे त्याचा उपयोग स्तूपपूजेसाठी झाला, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

या वाचनावर पहिला आक्षेप असा की, दक्षिण भारतीय स्थपती बोलावला म्हणजे त्याच्यासोबत त्याची शैली आपोआप आली, यजमानाने काही निवडले असे मानायचे कारण नाही. या आक्षेपाचे उत्तर तीन-चार किमीवर उभे आहे. लंकातिलक विहारही १३४४ मधलाच. सेनालंकाधिकार या मंत्र्याने तो पन्हलगल नावाच्या खडकावर बांधवला. तेथील स्थपतीचे नावही दक्षिणेकडचे, स्थपती रायर. तेथील शिलालेख सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत आहेत. तरीही लंकातिलकचे मूर्तिगृह विटांचे, जाड भिंतींचे आणि उंच आहे. पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीतल्या भव्य वीटकामाच्या मूर्तिगृहांशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. देवतांची देवालयेही तेथे बुद्धगृहाच्या भोवती बांधून काढली आहेत. एकच राज्य, एकच वर्ष, दोन्हीकडे दाक्षिणात्य कारागीर आणि तरी दोन निराळी रूपे. स्थपतीचा मुलूखच शैली ठरवत असता तर हे घडले नसते. बांधवून घेणाऱ्याला काय हवे होते, यालाही येथे वजन द्यावे लागते.

धर्मकीर्तींना दगडी बांधणी का हवी वाटली असावी, याचा धागा शिलालेखातच सापडतो. आंध्रातील धान्यकटक, म्हणजे अमरावतीचा परिसर, येथे त्यांनी दोन मजली मूर्तिगृहाचे काम केल्याची नोंद त्यात आहे. अमरावतीचा महास्तूप इसवी सनाच्या पहिल्या शतकांत भरभराटीला आला. पण चौदाव्या शतकातही तेथे बौद्ध पूजास्थान सांभाळले जात होते आणि लंकेतले भिक्षू त्याला हातभार लावत होते, ही गोष्ट या ओळींमुळे कळते. म्हणजे गडलादेणियाचा कर्ता दक्षिण भारताला परका नव्हता. तेथल्या बौद्ध स्थळांशी आणि बहुधा तेथल्या बांधकामाशीही त्याचा प्रत्यक्ष परिचय होता. द्राविड रूप त्याला हिंदूंचे राखीव रूप वाटले असण्याचे कारण दिसत नाही. त्रिंकोमालीजवळचे वेलगम वेहेर हे स्थानही याला दुजोरा देते. अकराव्या शतकात चोळांच्या अमलाखाली ते राजराज-पेरुम्पळ्ळी या नावाने ओळखले जाई. तेथील तमिळ लेखांत बौद्ध विहाराला मिळालेल्या देणग्यांची नोंद आहे. तमिळ भाषा, द्राविड घडण आणि बौद्ध पूजा या तिन्ही गोष्टी गंपोळच्या राजांच्या तीनशे वर्षे आधी लंकेत एका ठिकाणी आलेल्या होत्या.

दुसरा आक्षेप एका प्रचलित समजातून येतो : गडलादेणियावर विजयनगर शैलीचा प्रभाव आहे. कालक्रम या विधानाला फारसा आधार देत नाही. विजयनगरची स्थापना १३३६ मधली मानली जाते आणि त्या राज्याची म्हणून जी वास्तुशैली आपण ओळखतो ती पंधराव्या-सोळाव्या शतकांत बहरली. आठ वर्षांच्या राज्याची शैली समुद्र ओलांडून कँडीच्या डोंगरात रुजली असे म्हणण्यापेक्षा, गडलादेणिया आणि विजयनगर या दोहोंनी चोळ-पांड्य काळातला दगडी वारसा आपापल्या परीने पुढे नेला, हे अधिक पटते. हा वारसा लंकेत नवखाही नव्हता. पोलोन्नरुवातले दोन क्रमांकाचे शिवदेवालय अकराव्या शतकातले असून संपूर्ण दगडी आहे. वेरूळचे कैलास द्राविड विमानाच्या पद्धतीने घडले म्हणून महाराष्ट्रात ते उपरे ठरत नाही. तोच न्याय येथेही लावायला हवा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आज दिसणारे सर्व काही १३४४ मधले नाही. कौले, लाकूडकाम, रंगवलेले गिलावे यांत नंतरच्या काळाची, विशेषतः कँडी परंपरेची, भर पडली आहे. तेव्हा आजच्या दृश्यावरून मूळ हेतू कसा सांगायचा? हा आक्षेप खरा आहे आणि त्यामुळे दाव्याला मर्यादा पडते. म्हणून वरील विवेचनाचा भार रंगांवर टाकलेला नाही. आराखडा, जोते, खांब आणि शिलालेख या टिकलेल्या गोष्टींवर तो आहे. शिवाय नंतरच्या भरीनेही ही वाटणी मोडलेली नाही. लाकूड आणि कौले यांनी ऊनपाऊस अडवला, रंगांनी मूर्तिगृह सजवले, पूजेचा क्रम मात्र कायम राहिला.

गडलादेणियात एरवी जाणवणाऱ्या शांततेलाही इतिहासाची कारणे आहेत. गंपोळचे राजधानीपण अल्पकाळ टिकले आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला सत्तेचे केंद्र कोट्टे येथे गेले. पुढे कँडी राजधानी झाली तेव्हा बुद्धाचा दंतधातू तेथील मंदिरात आला आणि यात्रेकरूंचा ओघही त्या मंदिराकडे वळला. १९८८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले तेही कँडीचे पवित्र नगर. गडलादेणिया आजही चालता विहार आहे. एरवी तेथे गर्दी नसते, पौर्णिमेच्या पोय दिवशी मात्र पांढऱ्या वेषातले भाविक येतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालणे, पादत्राणे व टोपी काढणे, बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र न काढणे हे नियम पाळावे लागतात. दुपारी खडक अनवाणी पायांना चटके देतो, म्हणून सकाळी जाणे सोयीचे. जवळच्या रस्त्यावर पितळकाम करणाऱ्यांची दुकाने आहेत. लंकातिलक आणि लाकडी कोरीव खांबांसाठी प्रसिद्ध असलेले एंबेक्के देवालय ही दोन्ही स्थळे एकाच दिवसात जोडून पाहता येतात. तशी ती पाहावीतही. कारण एकटे गडलादेणिया पाहणाऱ्याला द्राविड प्रभाव तेवढा दिसतो, तर दगड, वीट आणि लाकूड अशा तीन माध्यमांतली ही त्रयी पाहणाऱ्याला गंपोळच्या राज्यकर्त्यांपुढे आणि भिक्षूंपुढे किती पर्याय होते ते कळते. गडलादेणिया हा त्यांपैकी विचारपूर्वक घेतलेला एक पर्याय आहे.