समुद्रातला शेजारी

उमापूरहून समुद्र दूर. आपले नाते गोदावरीच्या पाण्याशी. तरीसुद्धा, वाचकहो, आज समुद्रातल्या एका शेजाऱ्याची हकीकत सांगतो. ती बांधावरच्या माणसालाही लागू पडेल.

आपल्या गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, हे गुरुजी वर्गात अभिमानाने सांगतात. अशा वेळी एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, “एवढा निजाम हरला, मग एवढासा जंजिरा का पडला नाही?” प्रश्न लाखमोलाचा आहे. तट भक्कम होता, तोफा मोठ्या होत्या, हे उत्तर खरे, पण अर्धेच.

सिद्दी काही गरीब गाय नव्हता. किनाऱ्यावरची गावे तो लुटी, माणसे धरून नेई. त्याचा बंदोबस्त करणे शिवाजी महाराजांना भागच होते. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा फत्तेखान इतका जेरीस आला, की जहागिरीच्या बदल्यात बेट द्यायला तयार झाला. पण त्याच्याच सरदारांनी त्याला कैद केले आणि औरंगजेबाचा आश्रय घेतला. झाले! सुरतेहून मोगलांचा पैसा आणि गलबते येऊ लागली. पावसाळ्यात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मुंबईत आसरा घेई. महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारला, १६७९ साली खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला. तर सिद्दी शेजारच्या उंदेरीवर जाऊन बसला. १६८२ साली संभाजी महाराजांनी दगड-लाकडे टाकून खाडीच बुजवायला घेतली, तोच मोगल फौज कोकणात उतरली आणि ते काम सोडावे लागले.

म्हणजे काय, की बेटाला वेढा पडला तरी तिसऱ्याच्या घराकडचे दार उघडे होते. ते बंद झाल्याशिवाय तोफांचा उपयोग नव्हता.

पुढे मोगल दुबळे झाले. १७३३ साली सिद्द्यांत गादीचा तंटा लागला, तेव्हा बाजीरावांनी अब्दुर रहमानाचा पक्ष घेतला. १७३६ साली चिमाजीअप्पांनी लढवय्या सिद्दी सात याला रणात मारले. मग तह झाला, ११ महालांच्या वसुलाची वाटणी ठरली. जंजिरा सिद्दीकडेच राहिला, पण त्याची जुनी दहशत मोडली. जे वेढ्यांनी साधले नाही, ते तलवार आणि तडजोड यांनी मिळून साधले. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले.

आज मोठे घर आपले आहे. मालदीव, श्रीलंका हे समुद्रातले शेजारी. १९८८ साली मालदीवने हाक मारली, आपले सैनिक गेले, बंड मोडले. ते नाव झाले. १९८७ साली सैन्य श्रीलंकेत गेले तेही करार करूनच; पण तिथल्या भांडणात ते गुंतले, हजाराहून अधिक जवान गमावले, आणि १९९० साली परतले.

लहान बांधकऱ्याला फार रेटले, तर तो गावाबाहेरच्या सावकाराकडे जातो; मग सावकारच आपल्या बांधावर येऊन बसतो. जंजिऱ्याचा धडा शिकवताना, गुरुजी, एवढे मात्र मुलांना जरूर सांगा.