अवतरणचिन्ह : मोडीपासून मॅक्रोपर्यंत

मोडीतील जुन्या पत्रव्यवहारात अवतरणचिन्ह नाही, आणि त्यावाचून वाचकाचे फारसे अडलेही नाही. ‘उदईक येतो म्हणोन बोलिला’ या धर्तीच्या वाक्यात परक्याचे बोलणे कोठे संपले हे ‘म्हणोन’ सांगते. कोठे सुरू झाले हे वाचकाने ओळखावयाचे. संस्कृतातील ‘इति’, कन्नडातील ‘एंदु’, तेलुगूतील ‘अनि’ यांचेही कार्य असेच : अवतरण मिटविणारा शब्द आहे, उघडणारा नाही.

मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर मराठीत पुस्तिका लिहिली. इंग्रजी मुद्रणातील ही चिन्हांची जोडी पुढे आपल्याकडे रूढ झाली. परंतु ‘असे’ व ‘म्हणून’ भाषेतून गेले नाहीत. म्हणून मराठीत हे चिन्ह, प्रस्तुत लेखकाच्या मते, आजही बव्हंशी सौजन्यापुरतेच आहे. एखादे गळाले तरी अर्थ ढळत नाही.

यंत्राची गोष्ट निराळी. टंकयंत्राने कळा वाचविण्यासाठी उघडते व मिटते चिन्ह एकच केले, आणि १९६३ च्या ‘अ‍ॅस्की’ संकेतावलीत ते सरळ चिन्हच आले. संख्याशास्त्रीय गणनेच्या ‘सॅस’ या भाषेतील मॅक्रोला याच चिन्हावर विसंबावे लागते. तेथे ‘असे’ नाही. एक चिन्ह मिटावयाचे राहिले की पुढील सर्व आज्ञा अवतरणात गडप होतात, नंतरच्या चिन्हाशी आत-बाहेर उलटते, आणि दोषाची सूचना मूळ दोषापासून कितीतरी ओळी खाली उमटते. शोध तेथून वर, पहिल्या न मिटलेल्या चिन्हापर्यंत घ्यावयाचा असतो. औरंगपुऱ्यातील एखाद्या दुकानात प्रबंधासाठी जुळविलेल्या मजकुरातून आज्ञा उचलल्या, तर त्यांतील वक्र चिन्हे यंत्र अवतरणचिन्हे म्हणून ओळखतच नाही. ती आधी सरळ करावी लागतात.

एक साम्य मात्र लक्षणीय आहे. मराठी व्याकरणलेखनात एकेरी चिन्ह शब्दाच्या अर्थाकडे नव्हे, शब्दाकडेच बोट दाखविते. ‘सॅस’मध्येही एकेरी चिन्हांतील मॅक्रो-चल जसेच्या तसे अक्षरशः राहते, त्याच्या जागी मूल्य हवे असेल तर दुहेरी चिन्हेच योजावी लागतात. अभ्यासकाने जिल्ह्याचे नाव चलात ठेवून ते एकेरी चिन्हांत घातले, तर शीर्षकात जिल्ह्याऐवजी चलाचे नावच छापले जाते. निवडीच्या अटीत तसे झाले, तर कोष्टक रिकामे येते आणि बहुधा दोषाची सूचनाही मिळत नाही. प्रबंधास खरा धोका येथे आहे.

वसई-गोव्याकडील डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत वरच्या स्वल्पविरामासह लिहिण्याची रीत आहे. मॅक्रो त्या स्वल्पविरामास अवतरणाचा आरंभ समजतो. अशी नावे चलात घेताना ‘बीकोट’ या आच्छादक फलनातून न्यावीत; देवनागरीत नोंदली तर हा प्रश्न उद्भवत नाही.