चार गाईंचे गाव

वसुबारसेच्या संध्याकाळी दारातल्या गाय-वासराला ओवाळून झाले, की आमचे वडील गोठ्यात जात आणि खिलार जोडीच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणत, "जनावर घडते ते मालकाच्या गरजेप्रमाणे." लहानपणी मला त्या बोलण्याचा अर्थ उमगला नाही. पुढे मास्तरकी करू लागलो, वर्गात जपानचा इतिहास शिकवू लागलो, तेव्हा तो उमगला. विषय आपल्याकडे जरा नाजूक आहे, हे मी जाणतो. पण वाचकहो, मी इतिहास सांगतो आहे, जेवणाचा बेत नव्हे.

जपानचे गोमांस आज जगात अतिशय महाग गणले जाते. मौज अशी, की त्याच जपानात इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली होती. बंदी वर्षातल्या ठराविक महिन्यांपुरतीच होती; पण बौद्ध शिकवणुकीमुळे गोमांस वर्ज्य मानण्याचा संकेत शतकानुशतके रुजला. बैलाने भातखाचरात नांगर ओढावा, डोंगरवाटेने ओझी वाहावीत, एवढेच त्याचे काम. १८६८ साली कोबे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि १८७२ साली खुद्द सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. वारे फिरले ते असे!

आता राज्यकर्त्यांना आपली जनावरे खुजी वाटू लागली. १९०० सालापासून ब्राऊन स्विस, सिमेंटल, एअरशायर अशा युरोपातल्या वळूंशी संकर सुरू झाला. अंगापिंडाने पैदास थोराड निघाली खरी. पण कामाला जड, आणि मांसाची प्रतही उतरलेली. दहा-बारा वर्षांतच हौस फिटली, संकरित जनावरांचे भाव गडगडले.

मग जुन्या वाणाची शोधाशोध सुरू झाली. ह्योगो प्रांताच्या ताजिमा भागात, डोंगराच्या कुशीतल्या एका आडगावात, संकर न झालेल्या चार गाई उरल्या होत्या, असे तिकडे सांगतात. त्यांच्याच वंशात १९३९ साली 'ताजिरी' नावाचा वळू जन्मला. १९४४ साली 'जपानी काळी' ही स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. आणि २०१२ साली वंशावळी तपासल्या, तेव्हा देशातल्या या जातीच्या पैदाशीच्या जवळजवळ सगळ्या गाई, शेकडा ९९.९, त्या एका वळूच्या वंशातल्या निघाल्या!

या वाणाचे वैशिष्ट्य त्याच्या चरबीत आहे. ती नुसती कातडीखाली न साठता मांसाच्या तंतूंत संगमरवराच्या नक्षीसारखी पसरते. शिवाय ती मऊ असते. थंडीत तूप थिजते, पण शेंगदाण्याचे तेल पातळच राहते, हे आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर असते, तुपात घट्ट आम्लांचा भरणा अधिक. जनावराच्या शरीरातही एक विकर घट्ट स्टिअरिक आम्लाचे मऊ ओलेइक आम्ल करते. हे काम कितपत होते, ते चाऱ्यावर आणि वयावर अवलंबून असतेच. पण रक्तातही असते. त्या विकराच्या जनुकाचे दोन प्रकार जपानी शास्त्रज्ञांना आढळले, आणि त्यांतला एक ओलेइक आम्ल वाढवणारा. म्हणूनच होल्स्टीनच्या तुलनेत जपानी काळ्या जनावराची चरबी कमी उष्णतेला वितळते.

म्हणजे, ज्या गाईंना अधिकाऱ्यांनी कमअस्सल ठरवले, त्यांच्याच रक्तात हे धन होते. त्या आडगावच्या शेतकऱ्यांना ना विकर माहीत, ना जनुक. घरची गाय बदलावी असे त्यांना वाटले नाही, एवढेच. तरीही या यशाला दुसरी बाजू आहे. सगळा वंश एका वळूवर येऊन ठेपला, की वाणातली विविधता आटते. तिकडच्या जाणत्यांना आज हीच चिंता आहे.

आमच्या गोठ्यात आता खिलार जोडी नाही. ट्रॅक्टर आला तेव्हा मीच ती बाजारात नेली. भाव बरा आला, म्हणून खूशही झालो होतो. वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत. रात्री मात्र रिकाम्या दावणीपाशी बराच वेळ बसून होते. यंदा वसुबारसेला मी शेजाऱ्याची गाय ओवाळली. त्या जोडीच्या रक्तात काय होते, ते मी कधी विचारलेच नव्हते.